शेजारचा स्वेटर

विद्यापीठाच्या अभ्यासिकेत जागा धरायची रीत सोपी: खुर्चीवर काहीतरी टाकून खुशाल चहाला जायचं. रात्ररात्र अभ्यासाला बसणाऱ्या तिच्या शेजारच्या खुर्चीवर राखाडी स्वेटर असायचा. ती आली की असायचा, डोळे मिटू लागले तरी असायचा. स्वेटरवाला हल्ली दिसत नव्हता. चहा जरा लांबलाच म्हणायचा. कडेनं बघितलं की स्वेटरला खांदे फुटायचे. "झोपलीस का गं?" आई फोनवर विचारायची. "शेजारचा अजून उठला नाही, आई." जेवण सुटलं, तरी स्वेटरशी शर्यत चालूच. परीक्षेच्या तोंडावर एका गृहस्थांनी तो उचलून छातीशी धरला. "पोराचा आहे. दवाखान्यात झोपवून ठेवलंय त्याला. सारखं म्हणायचा, शेजारची उठत नाही, मी कसा उठू?" तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "भेटली तर सांग तिला, झोप गं बाई." "सांगते, काका," म्हणत ती उठली.