लिंबापुढे थांबणारी गाडी

शर्वाणीची नवी गाडी आपली आपण चालायची, पण रस्त्यात लिंबू दिसलं की जागीच थांबायची. चौकात कुणी उतारा टाकलेला असो की बाजारात पाटी सांडलेली असो, लिंबू उचलल्याशिवाय ती हलत नसे. "गाडी भलतीच देवभोळी निघाली हो!" शेजारी हसायचे. पण काल बायपासवर ती अशीच थांबली आणि मागून आलेला ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला, तेव्हा मागच्या सीटवर शर्वाणीची छोटी लेक रेवा झोपलेली होती.

"बदलून तरी द्या, नाहीतर दुरुस्त करा," रेवाचा हात धरून शर्वाणीनं शोरूमच्या दाभाडे इंजिनिअरला बजावलं.

"बदलून काय होणार, ताई? एका गाडीला आलेला अनुभव सगळ्या गाड्यांना मिळतो." त्याचा आवाज खाली गेला. "एका गाडीच्या पूजेला लहान मुलगी चाकाखाली लिंबू ठेवत होती. बाप गाडीला म्हणाला, 'चल.' तेव्हापासून लिंबू दिसलं की तिथे हात असणार, असंच सगळ्या धरून चालतात."

"मग ती आठवण पुसून टाका ना."

"पुसली तर सगळ्यांचीच पुसली जाईल. मग त्यांना पुन्हा शिकावं लागेल. तसंच."

काचेपलीकडे एका कोऱ्या गाडीला हार घातला होता. एक चिमुरडी वाकून चाकाखाली लिंबू सरकवत होती. फोटो काढता काढता तिचे वडील म्हणाले, "चल!"

गाडी हलली नाही.

"घ्या! पहिल्याच दिवशी बिघाड! दाभाडे, करा काहीतरी!"

दाभाडेनं शर्वाणीकडे पाहिलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि रेवाला कडेवर घेऊन ती आपल्या गाडीत जाऊन बसली. घरचा रस्ता बायपासवरूनच होता.