आमचे डॉक्टर

"आधी कुणाला दाखवलं होतं?" सोनोग्राफीचा रिपोर्ट खाली ठेवत डॉ. उल्कांनी विचारलं.

"आमच्या डॉक्टरांना," बापूराव म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीतल्या दिगंबर काकांकडे त्यांनी अभिमानानं हात केला. "आमच्या वरच्याच मजल्यावर राहत्यात. लगेच सांगितलं त्यांनी. उन्हाळी लागली हाय, पाणी प्या भरपूर, सब्जा घ्या."

मागे उभ्या शालूचे कान तापले. गणपतीपासून ती बापाच्या मागे लागली होती, लघवीतून रक्त जातंय, दाखवा कुणाला तरी. बापाचं एकच पालुपद, डॉक्टरांना दाखवलंय. तिला वाटलं, चौकातल्या दवाखान्यात जाऊन आले असतील. आता संक्रांत तोंडावर आली होती. आज निघताना बाप म्हणाला, काकांना बरोबर घेऊ, डॉक्टरांचं डॉक्टरांना कळतं. तेव्हासुद्धा तिची ट्यूब पेटली नव्हती.

"प्रॅक्टिस कुठे करता आपण?" डॉ. उल्कांनी दिगंबर काकांना विचारलं.

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "नाही, मी पीएचडी. जुन्या मोडी कागदपत्रांवर काम आहे माझं."

"मग उन्हाळी कुणी ठरवली?"

"जिन्यात भेटले होते हे. म्हणाले, लाल होतंय पण दुखत नाही. मी आपलं सहज..."

"दुखत नाही तेच वाईट. दुखलं असतं तर हे दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले असते." मग त्या बापूरावांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज उतरला. "आजोबा, लघवीच्या पिशवीत गाठ दिसतेय. दुर्बीण घालून ती काढायची आणि तपासायला पाठवायची. गणपतीत आला असतात तर बहुतेक लहान असती. आता किती खोल गेलीय, ते आत बघितल्याशिवाय मी सांगणार नाही."

"कॅन्सर?" शालूनं विचारलं.

"असू शकतो."

बापूरावांनी मान डोलवली आणि सवयीनं शेजारी बघितलं. "काय वो डॉक्टर? करू ना?"

दिगंबर काकांनी नुसती मान हलवली.

बाहेर बाकड्यावर बसताच शालू भडकली. "काका, दारावर पाटी लावलीय ना पितळेची? डॉक्टर म्हणून? त्याच्याखाली लिहा की कशाचे ते. जागा नव्हती का?"

"अगं शालू, पाणी प्या म्हणून कुणीही सांगितलं असतं."

"कुणीही सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं. माझं ऐकलं? आईचं ऐकलं? तुमचं ऐकलं त्यांनी."

"ए, तोंड सांभाळ," बापूराव गुरगुरले. "कुनाशी बोलतीस?"

बाकड्याच्या टोकाला मफलर गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. त्यांच्या कानावर यातलं एवढंच पडलं असावं, की हे डॉक्टर. ते हळूहळू सरकत दिगंबर काकांपाशी आले आणि बोलायला लागले. कुजबुजत, पण शालूला सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, आत बाई आहेत हो. त्यांना कसं सांगायचं असलं काही? आपल्यालाच सांगून टाकतो. मला पण लाल होतंय. दुखत-बिखत काही नाही. घरी बोललो नाही कुणाला. एखादी गोळी सांगा, म्हणजे मी निघतो."

शालू काकांकडे रोखून बघत होती. बोला आता, सांगा सब्जा.

"मी डॉक्टर नाही," काका म्हणाले.

आजोबांचा चेहरा पडला. चुकीच्या माणसापुढं धोतर सोडल्यासारखा. "बरं, राहू द्या," म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि केबिनकडे न बघता सरळ जिन्याची वाट धरली.

दिगंबर काका उठले. गुडघ्यावर हात दाबून, कसेबसे, पण उठले.

"थांबा."

वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला उभं करावं तसा तो आवाज होता. आजोबा थांबले.

"मी डॉक्टर आहे," काका म्हणाले. "आत जायचं. मला सांगितलंत ते सगळं त्या बाईंना सांगायचं. आज. उद्यावर टाकायचं नाही."

आजोबांनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मफलर सोडला. "बरं डॉक्टर," म्हणाले, आणि नंबर पुकारल्यावर गुमान आत गेले. दार लागलं.

बापूरावांना कोण आनंद. त्यांनी शालूला कोपर मारलं. "बघ. एका शब्दात गेला मानूस. उगं न्हाई आपन त्यांना मानत."

दिगंबर काका उभेच होते. बसायचं विसरल्यासारखे. बंद दाराकडे बघत म्हणाले, "बापूराव, तुम्हालाही मी एवढंच सांगायला हवं होतं."

बापूरावांच्या तोंडावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग काकांचं बोलणं आत पोचलं. त्यांनी लेकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं,

"मग सांगितलं का न्हाई वो?"