तिसरा प्रश्न

आचाऱ्याच्या थोरल्या मुलीला जुळी झाली त्या वर्षी, बातमी कॅम्पवर पोचून चारच दिवस झाले होते, तेव्हा बोअर मारणारा मिस्त्री छाती चोळत स्वयंपाकाच्या तंबूत आला.

"आजोबा, जळजळतंय रे. इथून इथपर्यंत." त्याने बोट पोटाच्या खळगीपासून गळ्यापर्यंत नेलं.

आचाऱ्याच्या हातातली पळी थांबली. सकाळपासून तो याचीच धास्ती घेऊन बसला होता.

आदल्या दिवशी जनरेटर दुपारभर बंद होता. फ्रीजमधलं मटण हाताला कोमट लागलं. त्याने वास घेतला. नाकाने एक सांगितलं, मनाने दुसरं. तीस माणसं जेवायची होती. त्याने मटण व्हिनेगरने दोनदा धुतलं, लसूण आणि मिरी सढळ हाताने घातली आणि वाढून टाकलं. लोकांनी बोटं चाटली. त्याला स्वतःला घास गिळवला नाही. आज न्याहरीला येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तो चोरून निरखत होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या जेवणाने सहा जणांची पोटं बिघडली होती. पुन्हा असं झालं तर बिऱ्हाड उचलायचं, असं साहेबांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. ही नोकरी जावयाने शब्द टाकून लावून दिलेली. मुलगी बाळंतीण, सासरी. तुझ्या बापाला नासकं खाऊ घालतो म्हणून हाकललं, हे तिला तिथे ऐकून घ्यावं लागलं असतं.

कॅम्पवरचा प्रथमोपचारही त्याच्याच गळ्यात होता. सर्वांत जवळचा दवाखाना जीपने दीड तासावर, आणि डॉक्टर बोलणार ते वायरलेसवर. तीन दिवसांचं शिक्षण घेऊन तो परतला, तेव्हापासून लोक त्याला 'पळीडॉक्टर' म्हणत. औषधपेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. आधी तीन प्रश्न विचारा. कुठे दुखतं? कधीपासून? शेवटचं काय खाल्लं आणि केव्हा? उत्तरं डॉक्टरांना कळवा, मगच औषध द्या.

पहिल्याचं उत्तर मिळालंच होतं. दुसरा प्रश्न त्याने विचारला.

"कालपासूनच," मिस्त्री म्हणाला. "आणि हा डावा खांदा भरून आलाय."

"पाना ओढून आला असेल."

"घाम बघ किती आलाय."

"चुलीपाशी उभा आहेस. येणारच."

तिसरा प्रश्न त्याच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं. ते मोठ्याने ऐकायची त्याची छाती नव्हती. त्याने पेल्यात जळजळीचं औषध ओतलं.

"अरे, काल ते मटण मी..."

"बोलू नकोस, मिस्त्री," आचारी घाईघाईने म्हणाला. "बोललास की आणखी जळजळेल. गप पी."

"बरं बाबा. डॉक्टर म्हणतील तसं." मिस्त्री हसला आणि पेला रिकामा केला.

तेवढ्यात ड्रायव्हरने तंबूत डोकं घातलं. "डिझेल आणायला निघालोय. कुणाला दवाखान्यात सोडायचंय का? वाटेतच आहे."

मिस्त्रीने आचाऱ्याकडे पाहिलं. दवाखाना म्हटलं की कागद होणार, कागद साहेबांच्या टेबलावर जाणार.

"काही नाही, पित्त झालंय," आचारी म्हणाला. "निघ तू."

"पळीडॉक्टरांचं औषध पोटात गेलंय म्हणजे संध्याकाळी हा नाचणार," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला. नऊ वाजले होते.

मिस्त्रीला त्याने पिठाच्या पोत्यांमागे, स्वतःच्या खाटेवर आडवं केलं. अंगावर चादर घातली. "जरा झोप. बरं वाटेल." मग तो ताटं गोळा करायला बाहेर पडला. रात्री जे आपापल्या तंबूत जेवायला नेत, त्यांची ताटं तो सकाळी उचलून आणी.

मिस्त्रीच्या तंबूत ताट दिसलं नाही. वाकून पाहिलं तर खाटेखाली होतं, वर दुसरं ताट पालथं घातलेलं. उचललं तर जड लागलं.

त्याने झाकण काढलं. मटणाचे चारही तुकडे जिथल्या तिथे होते. रश्श्यावर चरबीचा पांढरा थर धरला होता. पोळीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मिस्त्रीला आदल्या दिवसापासून अन्न गेलंच नव्हतं, आणि भरलं ताट परत केलं तर आचाऱ्याला वाईट वाटेल म्हणून त्याने ते खाटेखाली सरकवलं होतं.

आचारी ताट हातात घेऊन तसाच धावला. खाटेपाशी पोचला, तेव्हा मिस्त्रीचे ओठ निळे पडले होते.

त्याच्या हाका ऐकून साहेब आले, मग एकेक करत सगळे आले. साहेबांनी वायरलेस त्याच्या तोंडाशी धरला.

"शेवटचं काय खाल्लंय त्यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," आचारी म्हणाला. "कालपासून काहीच नाही."

"मग जळजळीचं औषध कशावर दिलंत?"

तंबूच्या दारात कॅम्पवरची बाकी माणसं उभी होती. सगळी धडधाकट. कुणाचंही पोट बिघडलं नव्हतं. ताट अजून त्याच्या काखेत होतं आणि गार रस्सा सदऱ्यावरून ओघळत होता.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

मिस्त्री त्याच सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आचाऱ्याच्या खाटेवर वारला. जीप साडेदहालाच दवाखान्यासमोरून रिकामी पुढे गेली होती.