हनुवटीचा दिवा

मावशींनी कागदाची पुडी टेबलावर ठेवली. "बाई, हॉलमधला गालिचा झाडताना हे सापडलं. तुमच्या माशाचं आहे का बघा."

पुडीत दोऱ्याएवढा काळा तुकडा होता. बाईंनी तो चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला. माशाच्या हनुवटीची मिशी, बुडापासून तुटलेली. टोकाला तीन इवले दिवे असायला हवे होते. तिथं कुणाच्या तरी बुटाखाली चिरडलेला एक ठिपका उरला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिथं उजेड पोचत नाही अशा पाण्यात हा मासा हनुवटीला स्वतःचा दिवा लावून फिरतो. त्याच्या आजवर माहीत असलेल्या भावंडांच्या मिशीला एकच दिवा असतो. याला तीन होते. बाकी सगळं तंतोतंत सारखं. त्या तीन दिव्यांच्या जोरावर तो जगाला नवा होता, आणि आजवर तसा एकच हाती लागला होता. जाळेवाल्यांनी तो पाण्यासकट उचलून, मिशीला धक्का न लावता आणून दिला. बाईंनी भिंगाला डोळा लावून लावून त्याचं चित्र काढलं, वर्णन लिहिलं. आणि काल कौतुकाच्या सोहळ्यात संचालकसाहेबांनी फोटोसाठी त्याला बरणीतल्या स्पिरिटमधून शेपटीला धरून वर उचललं. बाई "नको, नको" करत धावल्या, तोवर साहेबांनी एक झटका देऊन त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलंसुद्धा, आणि मिशी तुटून कुठंतरी उडाली. साहेब कारभारातला माणूस. माशाशी त्यांचा संबंध ताटातला.

ते आता दारात उभे होते. हातात बाईंनी सकाळी पाठवलेलं वर्णन.

"यात शेवटी 'सोहळ्यात हाताळताना मिशी तुटली' असं घातलंय तुम्ही. ते काढा. जाळ्यात तुटली असं लिहा. खोल पाण्यातले मासे जाळ्यात तुटतातच की."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," बाई म्हणाल्या. "आणि जाळ्यात तुटली म्हटलं, तर ते तीन दिवे मी कुठं पाहिले? चित्रात आहेत ते. लोक म्हणतील, बाईंनी मनानंच काढले."

"मग चित्र काढून टाका."

"चित्र गेलं की दिवे गेले. दिवे गेले की हा जुनाच मासा. नवं काही उरत नाही, साहेब."

साहेबांनी खांदे उडवले. "राहू दे जुना. माशाला काय फरक पडतो?"

बाई उठल्या. खुर्ची मागं जाऊन कपाटावर आदळली.

"माशाला नाही पडत. मला पडतो! तुमच्या फोटोपायी त्याचा दिवा गेला. आता तुमच्या अब्रूपायी तो जगात आहे हेच पुसून टाकायचं? मोडताना हात थरथरला नाही, आता खोटं सांगताना जीभ तरी अडखळू दे!"

"आवाज खाली. माझ्या सहीशिवाय हे वर्णन या इमारतीबाहेर जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

मावशी फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

बाईंनी जाड कागदाची एक पट्टी ओढली, पेन्सिल घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "मिशी अखंड होती. टोकाला तीन दिवे. सोहळ्यात संचालकांनी शेपटीला धरून उचलल्यावर तुटली." मग स्पिरिटच्या बरणीचं झाकण फिरवून त्यांनी ती पट्टी माशाशेजारी आत सोडली.

"काढा ती बाहेर," साहेब म्हणाले.

"बरणीतली चिठ्ठी काढत नाहीत. चुकीची ठरली तरी नाही. ज्याला पटत नाही त्यानं आपली शेजारी टाकायची. जगात सगळीकडे हाच दंडक आहे." बाईंनी दुसरी पट्टी आणि पेन्सिल पुढं केली. "टाका तुमची."

साहेबांनी पेन्सिलीकडं पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "पेन्सिलीनं शाळेतली पोरं लिहितात, बाई." त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं. सोहळ्यात पाहुण्यांसमोर मिरवलेलं, सोनेरी टोपणाचं. पट्टीवर लिहिलं, 'जाळ्यात तुटली.' खाली हुद्द्यासकट लांबलचक सही ठोकली, फुंकर मारून वाळवली आणि पट्टी स्वतःच्या हातानं बरणीत टाकली.

"तुमचं खोडलं जाईल, माझं राहील," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज जिना उतरेपर्यंत येत होता.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. संतापानं त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाई," मावशी बरणीशी वाकून म्हणाल्या, "हे बघा काय होतंय."

साहेबांच्या पट्टीवरून निळा धूर उठत होता. आधी 'जाळ्यात' विरघळलं, मग 'तुटली', मग हुद्दा. सहीचा शेपटा तेवढा थोडा वेळ टिकला आणि तोही गेला. शेजारच्या पट्टीवर पेन्सिलीचं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं होतं.

"स्पिरिट निळं झालं की," मावशी म्हणाल्या. "बदलायला घेऊ?"

"घ्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण तो कोरा कागद आतच राहू द्या. चिठ्ठी काढत नाहीत."