निलगिरीवरची घार

हेमांगीने घरीच बांधलेलं हातभर लांबीचं जेट माळावरून सुसाट गेलं. त्याच्या टर्बाइनची शीळ कान फाडत होती.

"बघ! उगाच विमान हवेत तोलणारा तो महागडा कंट्रोलर घ्यायला निघाली होतीस," अप्पा खुशीत म्हणाले. त्याऐवजी त्यांनीच समोरच्या निलगिरीच्या झाडावरची घार पकडून आणली होती. शहरातल्या लॅबने तिचा मेंदू काचेच्या डबीत जिवंत ठेवून विमानात बसवून दिला होता. हल्ली सगळे हौशी लोक तसंच करत.

"रॉकेल संपत आलं असेल. उतरव आता."

हेमांगीने रिमोटची दांडी ओढली, पण विमान ऐकेना. ते निलगिरीकडे वळलं आणि तिच्या शेंड्याभोवती घिरट्या घालू लागलं.

"अप्पा, घरटं रिकामं होतं म्हणालात ना?"

अप्पांनी मान खाली घातली. "अगं, आधी ते इंजिन बंद कर. शीळ ऐकवत नाही."

"इंजिन केव्हाच बंद पडलंय, अप्पा."

शीळ पुन्हा घुमली, आणि घरट्यातून दोन-तीन चिरके आवाज तिला ओ देऊ लागले.