एकांतात

"एकटाच आलोय, जोतीराम. कुणाला सांगितलेलं नाही," असं म्हणत पाळक शांतवन आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

जोतीराम कॉटवर बसून होता. हात मांड्यांखाली दाबून धरलेले. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक त्याच्या हातून निसटलं होतं. त्याआधी एकदा चर्चच्या पायरीवर त्याचा झोक गेला होता. मंडळीत कुजबुज सुरू झाली होती. उद्या पंचांची बैठक होती. तिथं विषय निघाला, तर जोतीरामची इतक्या वर्षांची सेवा काढून घेतली जाणार होती.

पाळकांना तेच टाळायचं होतं. भाऊ चुकला तर आधी एकट्यानं त्याच्या घरी जा, प्रेमानं समजाव, या वचनावर त्यांनी गेल्याच महिन्यात उपदेश केला होता. गडमुडशिंगीपर्यंत लुनावरून येताना त्यांनी प्रत्येक शब्द तोलून ठेवला होता. दारूचं नावसुद्धा काढायचं नव्हतं.

"माणूस घसरतो," ते म्हणाले. "म्हणून देव त्याला सोडत नाही. मीही सोडणार नाही. फक्त कबूल कर, उद्या पंचांना मी आवरतो."

जोतीरामनं मान वर केली नाही. "चुकलं माझं," तो जड आवाजात म्हणाला. "परत न्हाय व्हायचं."

तो इतक्या लवकर कबूल होईल असं पाळकांना वाटलं नव्हतं. त्यांनी प्रार्थना केली. मग ते उठून बाहेर पडले.

जोतीरामची बायको तानाबाई त्यांच्या मागोमाग अंगणात आली.

"त्यानं मन मोकळं केलं," पाळक हळू म्हणाले.

"समद्यांफुडं तसंच म्हणत्यात ते," तानाबाई म्हणाली. "मंडळीतलं पिराजीअण्णा आलं, आक्काताई आल्या, केरबा गुरुजी आलं. जो तो एकटाच. दार लोटून घ्यायचं, ग्वाड बोलायचं. हे अण्णांस्नी खरं सांगाय गेलं, तर अण्णा म्हणालं, निमित्तं नकोत. तवापासनं हे नुसतं चुकलं म्हणत्यात. म्हटलं की माणसं प्रार्थना करून उठत्यात."

पाळक लुनापाशी थांबले. "म्हणजे... तो पीत नाही?"

"हे इचारणारं तुम्हीच पयलं, साहेब." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नसांचा आजार हाय. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, ह्याला औषध न्हाय. हात गेलं, आता जीभ जाणार. मग चुकलं म्हणून सुटायला पण यायचं न्हाय."