डावीकडे वळलेला शंख

समुद्राच्या तांब्याभर पाण्यात सापडलेल्या जनुकांवरून संस्थेच्या मशीनने नव्या गोगलगायीचं वर्णन छापूनही टाकलं होतं: शंख उजवीकडे वळलेला. हेमांगी खोतने वेंगुर्ल्याच्या खडकांतून तीच तांदळाएवढी गोगलगाय जिवंत आणली. शंख डावीकडे वळलेला होता.

"खोतबाई, छापून झालंय," संचालक भिंगाकडे ढुंकूनही न पाहता म्हणाले. "आता गोगलगायीची जनुकं दुरुस्त करून घ्या. इथे सही करा."

खोलीत कणा नसलेले प्राणी दोन होते. त्यातली गोगलगाय निदान गप्प होती.

अशाच एका मशीनने जन्मनोंदीत 'उजव्या हाताची' लिहिलं, म्हणून डावखुऱ्या हेमांगीलाही लहानपणी असंच दुरुस्त केलं होतं. तिने पेन मुद्दाम डाव्या हातात धरलं आणि सहीच्या जागी वेडंवाकडं खरडलं, "मशीनला डोळे नाहीत. तुमची सबब काय?"